मीठ, लोखंड आणि तुटलेला पाटा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

सोलापूरकरांचा बर्फाशी संबंध येतो तो उन्हाळ्यात. एक तर सात रस्त्यावरच्या गोळ्यापुरता, नाहीतर घरच्या आइस्क्रीमच्या पॉटपुरता. हे पॉट आता फारसे दिसत नाहीत. पण ज्यांनी ते फिरवले आहेत त्यांना आठवत असेल. लाकडी बादलीत बर्फाचा चुरा, त्यावर मूठमूठ खडेमीठ, मधोमध दुधाचा डबा आणि हँडल फिरवायला घरातली सगळी पोरं. साधं पाणी शून्य अंशाला गोठतं. त्यात भरपूर मीठ विरघळलं, की ते उणे २१ अंशांपर्यंत गोठायचं नाव घेत नाही. म्हणून मीठ पडलं की बर्फाचं पाणी होतं आणि ते पाणी बर्फाहूनही गार असतं.

थंड मुलखातल्या लोकांनी हीच युक्ती रस्त्यांवर वापरली. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यानं १९३८ मध्ये हिवाळ्यातल्या रस्त्यांवर प्रयोग म्हणून मीठ टाकून पाहिलं. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या रस्त्यांवर पाच हजार टन मीठ पडलं. आज तिथं वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास मीठ रस्त्यांवर ओतलं जातं. रस्ते मोकळे झाले, घसरून होणारे अपघात कमी झाले, पण गाड्यांची पोटं गंजू लागली. सगळ्यात जास्त मार बसला तो मालमोटारींच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाटे, त्यांच्या पिना, शॅकल आणि यू-बोल्ट यांना.

आता तुम्ही म्हणाल, सोलापूरच्या रणरणत्या उन्हात ही बर्फाची कथा कशाला? आपल्या रस्त्यावर कोण मीठ टाकतंय? प्रश्न रास्त आहे. पण रस्त्यावर मीठ पडलं नाही तरी गाडीत मीठ चढतंच. मला ते कळलं १९७४ च्या सुमारास, वयाच्या बाराव्या वर्षी.

वडिलांची एकच मालमोटार होती. पुण्याकडं जाताना मिळेल तो माल आणि येताना बऱ्याचदा पेणकडचं खडेमीठ. त्या मिठाला तेव्हा सोलापुरात दोन गिऱ्हाइकं होती. एक किराणा बाजार आणि दुसरी सूत रंगवणारे कारखाने. आपल्या चादरीचा लाल, हिरवा, निळा रंग सुतावर नीट चढावा म्हणून रंगाच्या पाण्यात मीठ घालावं लागतं. चादरीच्या गावाला मीठ काही फक्त जेवणापुरतं लागत नाही.

अशाच एका खेपेत, मीठ भरून येताना, भिगवणच्या अलीकडं पुढच्या डाव्या बाजूचा मुख्य पाटा तुटला. पाटा तुटला की चाकाचा आस जागेवर राहत नाही. स्टिअरिंग हातात असतं, पण गाडी आपल्या मनानं जाते. गाडी रस्ता सोडून बाभळीवर आदळली. वडील वाचले. क्लीनरचा हात कोपरात मोडला आणि पुढं तो कधी पुरता सरळ झाला नाही. तेव्हा तो असेल अठरा-एकोणीस वर्षांचा.

गाडी ओढून आणली. पाटे बसवणाऱ्या मिस्त्रींच्या शेडमध्ये मी वडिलांबरोबर गेलो होतो. मिस्त्रींनी तुटलेला तुकडा उजेडात धरला आणि वडिलांना दाखवला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग चकचकीत, नव्या रुपयासारखा. उरलेला अर्धा तपकिरी, जुन्या गंजाचा. मिस्त्री म्हणाले, "मालक, ह्यो पाटा काल तुटला न्हाई. गेल्या पावसाळ्यातच तुटाय लागलाय. काल निस्ता सुटला."

पुढं मी अभियांत्रिकी शिकलो. या विषयावर बरंच वाचलं. पण त्या एका वाक्यात जे होतं, त्याचाच विस्तार सगळीकडं सापडला.

गोणीपासून मालमोटारीपर्यंत

मीठ कोकणात पिकतं आणि घाटावर खाल्लं जातं. मधे सह्याद्री उभा. त्यामुळं मिठाचा इतिहास हा वाहतुकीचाच इतिहास आहे. शेकडो वर्षं ही वाहतूक लमाणांच्या बैलांनी केली. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये यानं दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. त्यानं असंही नोंदलं आहे की या लोकांच्या चार जमाती होत्या आणि प्रत्येक जमात एकेकच जिन्नस वाहायची. त्यातल्या एकीचा जिन्नस मीठ. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी आणि खाली चार पाय. या साऱ्या व्यवस्थेत लोखंड जवळजवळ नव्हतंच, त्यामुळं मिठानं खायचं तरी काय? सोलापूरच्या आसपास आजही लमाणांचे तांडे आहेत. त्यांच्या पूर्वजांना मिठाचं ओझं माहीत होतं, मिठाचा गंज नव्हे.

१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि बैलाच्या पाठीवरचं ओझं हळूहळू बैलगाडीत आलं. त्याच दशकात जमीन मोजणी खात्यातल्या गेसफर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं हलकी, सुधारलेली बैलगाडी तयार केली आणि ती बनवण्याचा कारखाना आपल्या टेंभुर्णीला काढला. गाडी आली तसं लोखंड आलं. चाकाची धाव लोखंडी, आस लोखंडी. मग वंगण आलं, वंगणाचं नळकांडं आलं आणि मिठाची खेप उतरल्यावर आस पुसून तेल द्यायची रीतही आली.

१८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली. गंमत अशी, की तेव्हा बोरघाटातला लोहमार्ग पुरा व्हायचा होता. तो १८६३ मध्ये झाला. त्यानंतर मिठाच्या वॅगन मुंबईकडून थेट घाट चढून येऊ लागल्या आणि लांब पल्ल्याचे तांडे मोडले.

मिठाचं नाव निघालं की सोलापूरला १९३० आठवल्याशिवाय राहत नाही. मिठाच्या सत्याग्रहात मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि आपलं शहर पेटून उठलं. लष्करी कायदा लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्याला फासावर गेले. मिठावरचा तो कर १९४७ मध्ये उठला.

नेमक्या त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. तिचाही धागा सोलापूरला येऊन मिळतो. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून सुरुवात करून जहाजं आणि विमानांच्या उद्योगापर्यंत पोचले होते. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार होता. त्यामुळं डॉज, फार्गो, डिसोटो ही नावं आपल्या ड्रायव्हर मंडळींच्या तोंडी बसली. महायुद्धानंतर डिस्पोजलमध्ये निघालेले लष्करी ट्रक आधीच रस्त्यावर होते. १९५४ पासून टाटा-मर्सिडीज आल्या. मिठाची पोती आता पोलादी पाट्यांवर बसून घाट चढू लागली.

मिस्त्रींच्या वाक्याचा अर्थ

पाटा ही वस्तू दिसायला साधी. पोलादाच्या कमानदार पट्ट्या एकावर एक रचलेल्या. सगळ्यात लांब तो मुख्य पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना डोळे. खाली क्रमानं आखूड होत जाणारे पाटे. मधून सेंटर बोल्ट आणि वरून यू-बोल्टची मिठी. खड्डा आला की कमान सपाट होते, खड्डा गेला की परत वर येते. पुणे-सोलापूर एका खेपेत हे किती हजार वेळा होत असेल याचा हिशेब कुणी ठेवत नाही, पण पोलाद ठेवतं.

हा हिशेब पहिल्यांदा रेल्वेवाल्यांना मांडावा लागला. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडं जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. धडधाकट दिसणारा आस अचानक मोडतो कसा? प्रशियाच्या रेल्वेतले अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी १८५० आणि ६० च्या दशकांत आस फिरवून फिरवून, वाकवून वाकवून त्याचं उत्तर शोधलं. धातू थकतो. एकदा दिलेल्या मोठ्या ओझ्यानं जो मोडत नाही, तो लाख वेळा दिलेल्या लहान ओझ्यानं मोडतो. पण त्यांनी एक दिलासाही दिला. ताण एका ठरावीक मर्यादेच्या आत ठेवला, तर पोलाद कितीही वेळा वाकवा, ते मोडत नाही. यंत्रं बनवणारे सगळे या मर्यादेच्या भरवशावर निर्धास्त झाले.

हा भरवसा खाऱ्या पाण्यानं मोडला. १९२० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या अनापोलिस इथल्या प्रयोगशाळेत मॅकअ‍ॅडम यांनी पाण्यात आणि खाऱ्या पाण्यात ठेवून पोलादाच्या अशाच चाचण्या घेतल्या. आढळलं असं, की खाऱ्या पाण्यात ती सुरक्षित मर्यादा उरतच नाही. कितीही हलका ताण असो, पुरेशा वेळा दिला की पोलाद तुटणार. फक्त कधी, एवढाच प्रश्न.

का, ते समजायला सोपं आहे. मिठातलं क्लोराइड पोलादावरचा पातळ संरक्षक थर एखाद्या जागी फोडतं आणि तिथं टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो. पाटा वाकला की सगळा ताण त्या खड्ड्याच्या तळाशी गोळा होतो. तिथं बारीक चीर जाते. चिरेत खारं पाणी शिरतं, आतलं ताजं पोलाद गंजतं, पुढचा खड्डा बसला की चीर आणखी पुढं सरकते. महिनोन् महिने हे चालतं. ही चाललेली वाट म्हणजे तो तपकिरी भाग. उरलेलं पोलाद ज्या दिवशी ओझं पेलू शकत नाही, त्या दिवशी ते एका दणक्यात तुटतं. तो चकचकीत भाग.

हे फक्त गाड्यांचंच नाही. गोव्यातल्या पणजीचा मांडवी नदीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. सत्तरीच्या सुरुवातीला बांधलेला पूल पंधरा-सोळा वर्षांत गेला, कारण काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारांना खाऱ्या हवेनं आणि पाण्यानं आतून खाल्लं होतं. वरून पाहणाऱ्याला काय दिसणार?

उन्हाळ्यात झोपलेलं मीठ

सोलापूरची हवा कोरडी, मग इथं एवढं भय का? उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. पावसाळा आला की बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. खडेमिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. ते तर तेहतीस-चौतीस टक्क्यांनाच ओलं होतं. एप्रिलमध्ये पोत्यातून सांडलेलं मीठ पाट्यांच्या सांध्यात जाऊन बसतं. धुळीबरोबर घट्ट होतं. कुणाला त्याचा पत्ता नसतो. मृगाचा पहिला शिडकावा झाला की ते जागं होतं. आणि दोन पाट्यांच्या मधली फट ही अशी जागा, की बाहेरचं सगळं वाळलं तरी आतली ओल वाळत नाही. अमेरिकेतल्या ट्रकला मीठ हिवाळ्यात खातं, आपल्याला पावसाळ्यात. खायची रीत एकच.

खडेमीठ वाहणारी गाडीच तेवढी यात सापडते असंही नाही. शेतात घालायचं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. तेही मिठाचंच भावंड. बंदरातून येणारी मासळी, तिच्याखाली वितळून गळणारं खारं पाणी हा आणखी एक मार्ग. आणि ज्याकडं कुणाचं लक्ष जात नाही तो म्हणजे आपल्या बोअरचं पाणी. जिल्ह्यात कितीतरी ठिकाणी ते मचूळ आहे. गाडी स्वच्छ करायची म्हणून आपण रोज तिला थोडंथोडं मीठच लावत असतो.

उपाय जुने आणि नवे

लोखंड राखायची विद्या आपल्याला नवी नाही. मारुतीला आपण शेंदूर तेलात कालवून लावतो. हाच शेंदूर, म्हणजे शिशाचा लाल भस्म, जवसाच्या तेलात कालवून लोखंडी पुलांना अस्तर म्हणून जगभर दिला जात असे. जुन्या रेल्वे पुलांच्या रंगाखाली तो तांबडा थर दिसायचा. शिसं विषारी असल्यानं त्या जागी आता दुसरी अस्तरं आली आहेत. जस्ताची भुकटी असलेला रंग हा त्यातला चांगला पर्याय. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः गंजतं आणि लोखंडाला वाचवतं.

मग पाट्यांना बादलीसारखं जस्ताच्या वितळलेल्या रसात का बुडवत नाहीत? कारण तो रस साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेला असतो आणि पाट्याला दिलेलं पाणी त्या उष्णतेनं उतरण्याचा धोका असतो. शिवाय बुडवण्याआधी लोखंड आम्लानं धुतात. आम्लातला हायड्रोजन कडक पोलादात शिरला की ते काचेसारखं तडकतं. म्हणून एक गोष्ट कळकळीनं सांगतो. गंज काढायला पाट्यांवर अ‍ॅसिड ओतू नका. पाटा दिसेल छान आणि तुटेल लवकर.

कारखान्यांनी १९३० च्या दशकापासून एक युक्ती काढली. पाट्याच्या ज्या बाजूला ताण येतो तिच्यावर बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करायचा. त्यानं वरचा थर दाबला जातो आणि चीर सुरू व्हायला उशीर लागतो. पुढं पॅराबोलिक पाटे आले. त्यात पट्ट्या मोजक्या आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा. एकमेकींना घासायचं नाही आणि मधे ओल धरायची नाही.

पण जुन्या पद्धतीच्या पाट्यांवरच्या अजून कितीतरी गाड्या रस्त्यावर आहेत. त्यांच्यासाठी मिस्त्री लोकांचं शहाणपण आजही खरं आहे. मीठ, पोटॅश, मासळी यांची खेप उतरली की गाडी त्याच दिवशी खालून धुवायची. मचूळ पाण्यानं धुतली, तरी शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्यायचा. वडिलांचा नियम होता, ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्याचा शेवटचा हात पाट्यांना द्यायचा नाही. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं हा हिशेब काटेकोर नाही, पण ड्रायव्हरला वाटेत करता येण्याजोगा आहे. पावसाळ्याआधी पाटे खोलून, तारेच्या ब्रशनं साफ करून, सुकवून, मधे ग्राफाइटचं ग्रीस भरायचं. इंजिनातलं जळकं ऑइल मारायची सवय सोडायची. त्यात आम्ल असतं, त्यानं रबरी बुश फुगतात आणि त्याला धूळ चिकटून सांध्यात ओल धरून राहते. पोत्यांखाली जाड ताडपत्री घालायची आणि गळणारं पाणी पाट्यांवर न पडता बाजूनं जाईल अशी पन्हळ करायची. खेपेला निघण्याआधी हातोडीनं एकेक पाटा वाजवायचा. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद आला तर खोलून बघायचं. ही परीक्षा दर वेळी चीर पकडतेच असं नाही, पण वाजवायला वाकलेल्या माणसाची नजर आपोआप पाट्यावर जाते. निम्मं काम तिथंच होतं.

याला खर्च म्हणाल तर एक धुणं आणि डबाभर ग्रीस. पण खेप उतरली की मालकाला पुढच्या भाड्याची घाई असते, ड्रायव्हरला झोपेची आणि क्लीनर बिचारा सांगेल ते करणारा. गाडी धुवायची राहून जाते. पाटा तुटतो तेव्हा मालकाचा पाटा जातो, क्लीनरचा हात.

आमचा तो क्लीनर पुढं आमच्याकडंच राहिला. वाकड्या हातानं त्याला गिअर टाकता येईना, म्हणून ड्रायव्हर होणं काही त्याच्या नशिबी नव्हतं. वडिलांनी त्याला गाडीची देखभाल दिली. मिठाची खेप आली की तो कुणालाही घरी जाऊ द्यायचा नाही. गाडी आधी विहिरीवर न्यायचा. एकदा भर रात्री, दोन वाजता, पावसात वडील त्याला म्हणाले, "अरे, सकाळी धुऊ की." तो कंदील घेऊन गाडीखाली शिरला होता. आतूनच म्हणाला, "मालक, मीठ सकाळपातूर थांबत न्हाई."